आता तुम्ही काय करता?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे अप्पा आले होते साताऱ्याहून. सप्टेंबरात आले, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. ते गेल्यापासून फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, "मग काय काय दाखवलंत अप्पांना?" नायगारा? नाही. न्यूयॉर्क? नाही. शिकागोसुद्धा नाही. अप्पांनी आमच्या गॅरेजमध्ये किल्ला बांधला आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तो आम्ही चार दिवस लढवला. हे फोनवर सांगितलं की पलीकडे शांतता पसरते. मावशीने तर "बरं बरं, तब्येत कशी आहे त्यांची?" असं काळजीने विचारलं. :) म्हणून म्हटलं, एकदाच नीट लिहून काढावं.

सुरुवात जरा मागून करावी लागेल, आणि ती माझ्या फारशी कौतुकाची नाही.

आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे. सातवीत असल्यापासून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात पट नसला तरी चालतो, आणि जिंकणं-हरणं नसतं. एकजण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. डीएम गोष्ट सांगतो : तुम्ही जंगलात आहात, अंधार पडलाय, समोर तुटका पूल आहे. आणि मग विचारतो, "आता तुम्ही काय करता?" तुम्ही म्हणता, मी उडी मारतो. जमेल की नाही याची खात्री नसेल तर वीस तोंडांचा फासा टाकायचा. आला मोठा आकडा तर पलीकडे, नाही तर पाण्यात. संपला खेळ. म्हणजे संपत नाहीच, हीच तर अडचण. वर्षानुवर्षं चालतो.

गेल्या वसंतात चिरंजीवांची केमिस्ट्रीची ग्रेड घसरली. अकरावीचं वर्ष तोंडावर, त्यानंतर कॉलेजचे अर्ज, आणि हा शुक्रवारी रात्री बारापर्यंत कुठल्यातरी काल्पनिक राज्याचे नकाशे काढत बसलेला. मी त्याची तीन जाडजूड पुस्तकं, फाशांची पिशवी आणि नकाशांची वही असं सगळं एका खोक्यात भरलं आणि गॅरेजमधल्या सर्वात वरच्या फळीवर ठेवून दिलं. "ग्रेड सुधारली की परत मिळेल." मला वाटलं होतं भांडेल, दारं आपटेल. तो फक्त "ओके" म्हणाला.

आणि त्यानंतर सहा महिने तो तेवढंच म्हणत होता. जेवायला ये. ओके. शाळेत कसं झालं? ओके. सिनेमाला जाऊया? ओके. ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत त्यांना ठाऊक असेल, भांडण परवडतं पण हे 'ओके' परवडत नाही. नवरा म्हणाला, "वय आहे, होईल ठीक." मीही तसंच म्हणत राहिले. ग्रेड, जाता जाता सांगते, सुधारली नाही.

आणि मला हेही माहीत होतं की मी कुणासारखी वागतेय.

साताऱ्याला आमच्या घराच्या अंगणातून अजिंक्यतारा दिसायचा. मी तिसरीपासून दर दिवाळीला किल्ला करायचे. विटा, दगड, वर पोतं, पोत्यावर मातीचा लगदा, उतारावर आळीव पेरायचे. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला की हात कोपरापर्यंत चिखलात. अप्पा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यापुढे पेपरांचे गठ्ठे असत. ओसरीवर बसून ते तपासत, मी त्यांच्यापासून दहा फुटांवर किल्ला करी. त्यांनी कधी मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही. बारावीच्या वर्षी मी विटा गोळा करायला लागले तेव्हा मात्र पाहिलं. "यंदा बारावी. किल्लाबिल्ला काही नाही." मीही बहुतेक "बरं" म्हणाले असेन. पुढे शिक्षण, लग्न, अमेरिका. पुन्हा किल्ला केला नाही.

असो. तर अप्पा आले. बॅगेत मेतकूट, चकलीची भाजणी, आणि जुन्या धोतरात गुंडाळून मातीचे बारा मावळे आणि सिंहासनावर बसलेले महाराज. धाकटीसाठी, म्हणाले. ती अकरा वर्षांची आहे, तिने कधी किल्ला पाहिला नव्हता. बारातले दोन मावळे प्रवासात मुंडक्याविना झाले, त्यांना फेविकॉल न मिळाल्याने इथल्या गोंदाने चिकटवलं.

ऑक्टोबरात अप्पांनी गॅरेजमध्ये काम काढलं. इथे मिनेसोटात दिवाळीपर्यंत बाहेर चांगलाच गारठा असतो, अंगणात किल्ला करायची सोय नाही. गाडी बाहेर, किल्ला आत. खोकी, जुने टॉवेल, दुकानातून आणलेली मातीची पोती. मी ऑफिसात असताना खुरपं शोधायला ते शिडीवर चढले (वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मला नंतर कळलं म्हणून बरं) आणि त्यांच्या हाती ते खोकं लागलं.

संध्याकाळी मी घरी आले तर गॅरेजचं दार अर्धं उघडं. आत आजोबा आणि नातू उलट्या बादल्यांवर बसलेले. मधे फासे मांडून ठेवलेले.

"हे बघ," अप्पा मला म्हणाले, जणू मी वर्गात उशिरा आलेली विद्यार्थिनी. "चार, सहा, आठ, बारा आणि वीस. सुसम बहिर्वक्र घनाकृती फक्त पाचच असतात, आणि पाचही इथे आहेत. मी आयुष्यभर फळ्यावर खडूने काढल्या. हातात आज पहिल्यांदा धरतोय." मग वीसवाला उचलून म्हणाले, "आणि यात समोरासमोरच्या तोंडांची बेरीज एकवीस येते. मी तपासली." दहा तोंडांचाही एक फासा असतो त्या संचात. तो त्यांनी बाजूला ठेवला होता. "हा त्या कुळातला नाही. पण असू दे."

आणि चिरंजीव बोलत होते. मराठीत! अप्पांना इंग्रजी वाचता उत्तम येतं, पण इथले उच्चार कळत नाहीत, त्यामुळे त्याला दुसरा इलाजच नव्हता. अडखळत, मधेमधे इंग्रजी शब्द कोंबत, पण सलग. मी तिथे उभी राहिले आणि खोक्याबद्दल काही बोलले नाही. तोही बोलला नाही.

पुढचे पंधरा दिवस किल्ला आणि खेळाचं शिक्षण बरोबरच चाललं. नातवाने आजोबांना खेळाचा इतिहास सांगितला, तो मीही भाजी चिरता चिरता ऐकला. आणि चकित झाले, कारण हा खेळ जन्मला आमच्याच गावात! मिनिॲपोलिस-सेंट पॉलमध्ये साठच्या दशकात काही तरुण मंडळी छोटे छोटे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळत. 1969 मध्ये त्यातल्या डेव्हिड वेस्ली यांनी एक वेगळा प्रयोग केला. खेळाडूंना सैन्य देण्याऐवजी एका काल्पनिक जर्मन गावातली एकेक व्यक्ती दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. झालं असं की लोक लढाई सोडून कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कारस्थानं करायला लागले. वेस्लींना वाटलं खेळ पार फसला. आणि खेळणारे म्हणाले, पुन्हा कधी?

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन यांनी 1971 च्या सुमारास सेंट पॉलला आईवडिलांच्या घराच्या तळघरात स्वतःचा खेळ सुरू केला. पिंगपाँगच्या टेबलावर किल्ल्याचं मॉडेल, आणि किल्ल्याखाली भुयारं. पुढे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्यांनी नियम लिहून काढले आणि जानेवारी 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. खोकी घरीच बसून भरलेली. गायगॅक्स 2008 मध्ये गेले, आर्नेसन 2009 मध्ये.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे यांचंही किल्ल्यापासूनच सुरू झालं. आणि तेही घरातच."

दिवाळीत किल्ल्यापुढे पणत्या लागल्या, आळीव हिरवेगार उगवले. तुळशीचं लग्न झालं तरी किल्ला मोडायचं कुणी नाव काढेना. आमच्या लहानपणी शेवटच्या दिवशी सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायची पद्धत होती. इथे तसं केलं असतं तर पोलीस आले असते. :) चिरंजीव म्हणाले, थँक्सगिव्हिंगला किल्ल्यावरच खेळूया. सगळ्यांनी. बाबाने आणि आईनेसुद्धा.

सहा महिन्यांनी त्याने आपणहून काहीतरी मागितलं होतं. मी "ओके" म्हणाले.

आता थँक्सगिव्हिंग म्हणजे इथे गुरुवार ते रविवार सुट्टी. आमच्याकडे टर्की नसते. पावभाजी, क्रॅनबेरीचं लोणचं आणि भोपळ्याचे घारगे असा आमचा मेनू वर्षानुवर्षं ठरलेला. यंदा सगळं गॅरेजमध्ये, हीटर लावून, स्वेटर घालून. किल्ल्याभोवती मावळे, आणि त्यांच्या समोर चिरंजीवांचे हिरवे प्लास्टिकचे गॉब्लिन. अप्पांची एकच अट होती : "महाराजांना खेळात घ्यायचं नाही. ते वर बसून बघतील." ती सगळ्यांना मान्य झाली.

पात्रं ठरली. नवरा बुटका लोहार झाला आणि पहिल्या दिवसापासून फक्त सोनं गोळा करत सुटला. धाकटी जादूगार. मी गवळण, कारण मला लढाई नको होती. अप्पांनी किल्ला बांधलेला, म्हणून ते किल्लेदार. प्रत्येकाच्या कागदावर सहा आकडे असतात : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप. अप्पा म्हणाले, "बुद्धी आणि शहाणपण वेगळं मोजतात हे फार बरं केलं. आमच्या मार्कशीटवर ही सोय नव्हती."

एक इंच म्हणजे पाच फूट हे कळल्यावर त्यांनी लगेच 1:60 असं प्रमाण काढलं आणि आपला किल्ला त्या हिशोबाने फारच लहान झाल्याची खंत दोन दिवस केली. धाकटी खंदकावरून उडी मारायला गेली, फाशावर पंधरा किंवा जास्त हवे होते. "सहा तोंडं चालतील, म्हणजे तीस टक्के. उडी मारू नकोस," अप्पा म्हणाले. चिरंजीव म्हणाले, कुणी मदत केली तर दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा, असा नियम आहे. अप्पांनी दुकानाच्या जाहिरातीच्या पाठीवर गणित मांडलं. एक फासा फसायची शक्यता 0.7, दोन्ही फसायची 0.49. "म्हणजे तीसचे एक्कावन्न झाले! नुसतं कुणी शेजारी उभं राहिलं तर?" मग स्वतःच म्हणाले, "किल्लेदार हात देतो. मार उडी." अठरा पडले. गॅरेजमध्ये अशी आरोळी उठली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

पण पहिल्या दिवशी अप्पा अडले होते ते सांगायचं राहिलंच. चिरंजीवांनी प्रसंग उभा केला : रात्र आहे, पश्चिमेच्या बुरुजाखाली हालचाल दिसते. "अप्पाआजोबा, आता तुम्ही काय करता?"

"काय करायचं असतं?"

"ते मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

"अरे पण बरोबर काय असतं ते सांग, मी ते करतो."

"बरोबर असं नसतं काही. तुम्ही सांगा, मग पुढे काय होतं ते मी सांगतो."

अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग हसून म्हणाले, "असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही रे. आमच्या वडिलांनी सांगितलं मास्तर हो, झालो. हेडमास्तरांनी सांगितलं गणित घ्या, घेतलं." हे काही तक्रारीच्या सुरात नव्हतं. एखादं प्रमेय सांगावं तसं सांगितलं. माझ्या मात्र हातातला घारगा हातातच राहिला. कारण हा माणूस मला कधी "तू काय करणार?" असं विचारत नसे, "तू हे कर" एवढंच सांगे, आणि मीही माझ्या मुलाशी नेमकं तेच करत आले होते. शिडी लावून, सर्वात वरच्या फळीपर्यंत.

शनिवारी रात्री माझी पाळी आली. चिरंजीव म्हणाले, "आई, तू गडावर दूध घालायला आलीयेस. उशीर झाला. सूर्य मावळला, दरवाजे बंद. खाली घरी तुझं बाळ एकटं आहे."

हिरकणी! माझ्या अंगावर काटाच आला. रायगडच्या त्या गवळणीची गोष्ट अप्पांनी त्याला आदल्याच रात्री सांगितली होती. गोष्टीत दरवाजा उघडत नाही. ती अंधारात कडा उतरून जाते, आणि मग तिथे तिच्या नावाचा बुरुज होतो.

"आता तू काय करतेस?"

मी म्हटलं, मी किल्लेदाराकडे जाते. दरवाजा उघडायला सांगते. आणि सवयीने फासा उचलला.

"इथे फासा नाही," चिरंजीव म्हणाले. "समोर खरा माणूस खेळतोय. तुझं ऐकायचं की नाही ते त्यानेच ठरवायचं. तू फक्त त्यांच्याशी बोल."

तर मंडळी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गॅरेजमध्ये, लोकरीची टोपी घालून मी माझ्या वडिलांना म्हणाले, "किल्लेदार, दरवाजा उघडा. मला जायचंय." एवढंच वाक्य. आवाज का कापला माझा, कुणास ठाऊक. धाकटी खिदळायची थांबली.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हुकूम आहे. सूर्यास्तानंतर दरवाजा उघडत नाही." मला वाटलं, झालं. आता कडा उतरा.

मग ते बादलीवरून उठले, गुडघ्यावर हात ठेवत किल्ल्याच्या मागच्या बाजूला गेले आणि आळीव बाजूला सारले. मागे, कुणालाच न दिसणाऱ्या जागी, काडेपेटीचं सरकतं खोकं बसवलेलं होतं. त्यांनी ते नखाने बाहेर ओढलं. आत अंधारं भोक.

"चोरदरवाजा," ते म्हणाले. "तुझ्या किल्ल्याला असायचा ना? दर वर्षी मागच्या अंगाला, काडेपेटीचा. मला वाटलं, याच्यातही असावा."

माझ्या किल्ल्याला चोरदरवाजा असतो हे कुणालाही माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही. चोरदरवाजा सांगत नसतात कुणाला. आणि तो मागच्या बाजूला असायचा, भिंतीकडे. म्हणजे तो पाहायला अप्पांना ओसरीवरून उतरून, अंगण ओलांडून, वाकून पाहावं लागलं असणार. केव्हा? मी झोपल्यावर? दर वर्षी?

मी विचारलं नाही. त्यांनीही बारावीच्या वर्षाचा विषय काढला नाही. आमच्या घरात इतकंच बोलतात. चिरंजीव म्हणाले, "गवळण भुयारातून बाहेर पडली. समोर घर दिसतंय. आता ती काय करते?" नवऱ्याने तेवढ्यात भुयारात सोनं आहे का असं विचारून वातावरण पूर्ववत केलं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

अप्पा परत गेले. जाताना वीस तोंडांचा एक फासा मागून घेऊन गेले, साताऱ्यात त्यांच्याकडे अजून दोन-चार मुलं गणिताला येतात, त्यांना दाखवायला.

आणि घरी? फार काही बदललं असं म्हणणार नाही. परवा शाळेतून चिरंजीवांना आणताना केमिस्ट्रीचा विषय निघाला. जिभेवर तयार असलेली चार वाक्यं मी गिळली आणि विचारलं, "मग आता तू काय करतोस?"

"आई, डीएमसारखं नको विचारू," तो हसला. पण मग घर येईपर्यंत वीस मिनिटं बोलत होता. त्याला केमिस्ट्री आवडत नाही, का आवडत नाही, काय आवडतं, पुढे काय शिकायचं ते अजून माहीत नाही, माहीत नसण्याची भीती वाटते. मी मधे बोलले नाही. फार कठीण असतं हो ते. ग्रेड अजून बी-मायनसच आहे. पुस्तकं त्याच्या खोलीत आहेत.

किल्ला अजून गॅरेजमध्येच आहे. आळीव वाळले, एक बुरुज खचलाय. "या शनिवारी मोडूया," असं आम्ही दर शनिवारी म्हणतो. आणि गाडी बाहेर, उणे वीसमध्ये. तर आता उठते. काचेवरचा बर्फ खरवडायला अर्धा तास तरी लागेल.